पोटावरचा मासा

माझं पोट चिरून मुलगी काढली, हे आमच्या कोळीवाड्यात कुणाच्या पचनीच पडेना. बायका बघायला यायच्या; मुलीकडे कमी आणि माझ्या पोटाकडे जास्त बघायच्या. एक म्हणाली, "बरं हाय गो, कळा तरी न्हाय सोसाव्या लागल्या." मी तिच्यावर हात उगारला असता, पण हात उचलला की टाके ओढायचे.

मुंबईच्या इस्पितळातून मला लाँचने रेवसला आणलं, तिथून बैलगाडीने घरी. प्रत्येक खड्ड्याला मी गाडीवानाचा उद्धार केला. नवरा परदेशी बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा दिसणारा. घरात सासू, सासरे आणि मी. दुखण्यावर दिलेल्या गोळ्या लवकरच संपल्या. कुशीवर वळता येईना, बसता येईना, खोकला आला तरी जीव कासावीस व्हायचा. आणि पाजायचं तर वळायला किंवा बसायला हवंच. सासू मुलीला माझ्या छातीशी धरायची, पण पोरीचा पाय टाक्यांना लागला की मी किंचाळायचे आणि पोर दचकून दूध सोडायची. पोर वाळत चालली, चेहऱ्यात नुसते डोळे उरले. ती माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार, अशी मला धास्ती बसली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने सव्वा महिना पाऊल टाकायचं नाही. सासरे दाराबाहेर बसून माझं कण्हणं ऐकायचे. एका सकाळी ते होडीवरून आले ते हंडा घेऊन. हंड्यात समुद्राचं पाणी आणि त्यात एक जिवंत मासा, पाकटासारखा चपटा, भाकरीएवढा. जाळ्यातून काढताना याला हात लागला तर खांद्यापर्यंत मुंग्या येतात, म्हणून होडीवरचे लोक त्याला शिव्या घालून परत पाण्यात टाकतात. सासरे मात्र गुडघे दुखायला लागले की त्याच्यावर पाय ठेवायचे; त्या मुंग्यांनी दुखणं बधिर व्हायचं.

"टाक्यावर नको, बाजूला लाव," ते बाहेरून सासूला सांगत होते. "फडका वला ठेव."

"मलाच झटका बसतोय," सासू म्हणाली.

"बसू दे."

पोटात कुणी चुरमुरे भाजावेत तसं तडतडलं. मी बाजेची कड घट्ट धरून ठेवली. हळूहळू बेंबीखालचा भाग परक्याचा असल्यासारखा झाला, आणि मी कुशीवर वळले. मुलीने पोटभर दूध ओढलं. मी रडले, सासूही रडली आणि वर म्हणाली, "कुनाला बोलू नको, लोकं हसतील."

मग सासरे मिळेल तेव्हा तो मासा आणू लागले. मुलीचे गाल भरले. माझं कण्हणं थांबलं, आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे कामाचा नियम साधा: दुखतंय त्याने निजावं, दुखत नाही त्याने उठावं. ताप, जखम, बाळंतपण, सगळ्यांना हेच माप. डॉक्टरीणबाईंनी सासूला समोर बसवून बजावलं होतं, हिला एवढ्यात हात वर करायचं काम देऊ नका. सासूने मान डोलावली होती. पण बोंबील असा आला की आळीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि बोंबील कुणासाठी थांबत नाही, वेळेत टांगला नाही तर नासतो. सासू दाराशी आली.

"दुखतंय काय?"

"आता न्हाय."

"मग ऊठ गो. वलांडीला हात लाव."

खरंच दुखत नव्हतं, तर काय सांगणार? तिच्या मनात कपट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आज लिहितानाही तिचा राग येतो. वलांडी म्हणजे डोक्याच्या वर बांधलेले आडवे बांबू. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी वर टांगायची. सकाळीच मासा लावलेला, त्यामुळे पोटात काय होतंय ते कळलंच नाही. लुगडं ओलं लागलं तेव्हा वाटलं, बोंबलाचं पाणी असेल. शेजारणीने माझ्या लुगड्याकडे बघितलं आणि ती "रगत गो!" म्हणून ओरडली.

पुन्हा गाडी, पुन्हा लाँच, पुन्हा इस्पितळ. टाके उसवले होते, आत पू झाला, ताप चढला. इतक्या तापात अंगावर पाजू नका, असं सांगितल्यामुळे मुलगी घरीच राहिली. तान्हं मूल असलेली ती शेजारीण तिलाही पाजणार होती. इकडे दूध आटू नये म्हणून मी रोज पिळून मोरीत ओतायचे. गावाकडून कुणी आलं की निरोप मिळायचा, बरी हाय.

जखम भरल्यावर सासरे मला न्यायला आले. लाँचवर ते पाठ करून बसले. मी मुलीबद्दल विचारत राहिले. शेजारणीचं दूध दोघांना पुरलं नव्हतं आणि शेळीचं तिला पचलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

रेवसच्या धक्क्यावर सासू उभी होती. मी कुणाचा हात न धरता उतरले, भराभर चालत तिच्यापाशी गेले.

"पोर कुठं हाय?"

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझी चोळी दुधाने भिजत होती, आणि पोट मुळीच दुखत नव्हतं.