घासून ठेवलेला कॅन

रविवारी सकाळी आठ वाजता बाबांनी ओट्सची लापशी खाल्ली. ओट्समधली द्रव्यं शरीर किती शोषतं आणि किती लघवीवाटे टाकतं, हे वहिनीला प्रबंधासाठी मोजायचं होतं. तिच्या यादीत बाबा शेवटचे. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवली होती.

सोमवारी आठला कॅन न्हाणीघरात नव्हता.

“तो होय? ओतून, घासून उन्हात ठेवलाय,” आई म्हणाली. “शी, काय वास!”

“अहो आई, माझा प्रबंध होता तो!” वहिनी म्हणाली.

शरीर हवं तेवढं ठेवतं, बाकीचं टाकून देतं. आईच्या हातांनी वेगळं काहीच केलं नव्हतं.

“माझं रक्त घे, त्यात काही उरलं असेल,” बाबा म्हणाले.

प्रयोगशाळेत रक्त घेतलं. दुपारी तपासणी झाली. रक्तात त्या द्रव्यांचा मागमूस उरला नव्हता.