ते वाक्य देवरामचं नव्हतं

देवराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहा घेत होतो. जामसरच्या शाळेतून त्याचे मुख्याध्यापक बोलत होते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या बाकावर बसला, तो उठलाच नाही, असं काहीतरी ते सांगत होते. मी ‘हो, हो’ म्हणत होतो. आणि मनात एक शब्द येऊन गेला... ‘सुटलो’. लगोलग मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की कप हातातून खाली ठेवता येईना. ज्या माणसाशी तीस-पस्तीस वर्षांची मैत्री, त्याच्या मरणाची बातमी ऐकून माणूस ‘सुटलो’ म्हणतो? मी म्हटलं होतं. आता लिहायला बसलोच आहे तर तिथूनच सुरुवात करतो.

या पुरवणीच्या वाचकांना देवराम माहीत असेल तो ‘दोन हाका’ या भयकादंबरीचा लेखक म्हणून. एकच पुस्तक लिहिलं त्यानं, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याआधी आणि त्यानंतरही तो मास्तरच होता. जव्हारात खोली घेऊन एकटा राहायचा, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मोखाड्याकडे, पोशेऱ्याला आईला भेटायला जायचा. माणूस चेष्टेखोर. मी पूर्वी गॅदरिंगसाठी एकांकिका लिहायचो, म्हणून मला ‘नाटकवाले’ म्हणायचा. बाजारात लांबून ओरडायचा, “काय नाटकवाले, आज ऑफिसात किती अंक झाले?” मी चारचौघांत संकोचणारा माणूस, मला कानकोंडं व्हायचं. आता त्या रस्त्यानं जाताना कुणी ओरडत नाही...

कादंबरी आली तेव्हा शहरातल्या वाचकांनी ती भुताची गोष्ट म्हणून वाचली. खरं तर तिच्यात भूत कुठेच दिसत नाही. सुरुवातीची कितीतरी पानं नुसतं पाणी आहे, म्हणजे नसलेलं पाणी. मे महिन्यातली विहीर, तळाशी ओंजळभर ओल, दिवसभर बायका उपसून गेल्यावर संध्याकाळी परत झिरपणारं थोडंसं. आणि मग ती दिवेलागण. आमच्या डोंगरात एक रीत आहे. अंधार पडू लागल्यावर बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील. दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. कादंबरीत बहीण विहिरीवर गेलेली असते. अंगणात भाऊ आणि त्याचा मित्र बसलेले असतात. “दादा!” अशी हाक येते. परत येते. भाऊ म्हणतो, “थांब, तिसरी येऊ दे.” तिसरी येत नाही. दोघांना बरं वाटतं, की बरं झालं, ओ दिली नाही. आणि पुढचं प्रकरण सुरू होतं तेव्हा गावातली माणसं विहिरीत बाज सोडत असतात. बहीण घसरून पडलेली असते. तिच्या अंगात दोनच हाकांएवढा जीव उरलेला असतो.

भूत नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. पुस्तक मिटल्यावर भीती वाटते ती रीत पाळणाऱ्या शहाण्या माणसाची. देवरामनं भावाच्या तोंडून, ‘मी’ म्हणून सगळी कादंबरी सांगितली आहे. मित्राबद्दल त्या प्रसंगात एवढंच म्हटलंय, ‘तो गप्प होता.’

दोन-तीन वर्षांपूर्वी ठाण्याकडची काही मुलं आली. त्यांना या कादंबरीवरून ॲनिमेशनचा सिनेमा करायचा होता. मुलं गुणी होती, लॅपटॉपवर त्यांनी विहीर काढून दाखवली तेव्हा मी थक्क झालो. संवाद कोणी लिहायचे असा प्रश्न निघाला. देवरामनं एकदम माझ्याकडे बोट केलं.

“हे आमचे नाटकवाले. हे लिहितील.”

“मी कशाला? कादंबरी तुझी,” मी म्हटलं.

“माझं लिहून झालं ना. आता तुझं तू लिही.”

मुलं हसली. त्यांना वाटलं, मास्तर टोला हाणतायत. मलाही तेव्हा तसंच समजून घेणं सोयीचं होतं.

मी लिहिलं. रोज रात्री जेवण झाल्यावर ‘दोन हाका’ उघडून बसायचो आणि त्या प्रसंगाशी येऊन थांबायचो. एक दिवस मुलांचा फोन आला, की काका, पात्रं कमी करता आली तर बरं, प्रत्येक माणूस हलवायचा म्हणजे हजारो चित्रं काढावी लागतात. त्या मित्राचं काही काम आहे का? तो तर गप्पच असतो. मी म्हटलं, काढून टाका. इतक्या झटकन म्हटलं, की पलीकडचा मुलगाच म्हणाला, “विचार करून सांगा हवं तर.” विचार कसला करायचा! मग अंगणात भाऊ एकटा उरला. ‘थांब, तिसरी येऊ दे’ हे वाक्य तो कुणाला म्हणणार? म्हणून मी एक म्हातारी आजी घातली. कादंबरीत आजी नाही. ती खोकत खोकत ते वाक्य म्हणते. सिनेमात आजी शोभते, जुन्या रीती सांगायला बरी पडते. कुणालाच खटकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सिनेमा झाला. जव्हारात एका शाळेच्या सभागृहात तो दाखवला, खिडक्यांना चादरी लावून. देवराम आणि मी शेजारी बसलो होतो. खरं सांगतो, काही जागी सिनेमा पुस्तकाला मागे टाकतो. पुस्तकात हाक आपण डोळ्यांनी वाचतो. सिनेमात ती अंगावर येते. जामसरच्या एका मुलीच्या आवाजात ती घेतली होती, आणि पहिल्या हाकेलाच देवरामचा हात खुर्चीच्या कडेवर आवळला गेला, ते मी पाहिलं. पण पुढे मुलांनी तिसरी हाकही घातली होती. तिसरी हाक येते आणि पांढऱ्या डोळ्यांची बाई विहिरीच्या काठावर चढते. सभागृह किंचाळलं. शेवटी भाऊ तिला जाळतो, उजाडतं, पक्षी वगैरे. बाहेर पडताना एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, “नाव दोन हाका आणि मारते तीन! आपलं गणित कच्चं की हिचं?” देवराम खदखदून हसला. खरोखर हसला.

मग आम्ही टपरीवर उभे राहिलो. मी म्हटलं, “कसा वाटला?”

“चित्रं झकास. पण पाणी फार आहे रे. विहीर काठोकाठ. एवढं पाणी असतं तर पोर संध्याकाळची गेली असती कशाला?”

त्यानं चहा बशीत ओतला.

“आणि ते वाक्य तू आजीला दिलंस.”

“मुलांनी पात्रं कमी करायला सांगितली...”

“दिलंस ते बरं केलंस. म्हातारीचं काय जातं. ती जन्मलीच नव्हती.”

एवढं बोलून त्यानं बशी तोंडाला लावली. चिडला नव्हता. चिडला असता तर मी तिथंच सगळं कबूल करून टाकलं असतं, असं मी आता स्वतःला सांगतो. आमची ती शेवटची भेट. त्यानंतर मी त्याला टाळलं आणि तोही आला नाही. मग तो फोन आला.

आता लिहितो. कादंबरीतली बहीण म्हणजे देवरामची धाकटी बहीण यमुना. आम्ही कॉलेजात होतो, सुट्टीत मी त्याच्या घरी पोशेऱ्याला राहायला गेलो होतो. वडील आधीच गेलेले. आई तिच्या भावाकडे सूर्यमाळला गेली होती. अंगणात आम्ही दोघं भुताच्याच गोष्टी सांगत बसलो होतो, एकमेकांना घाबरवत, हसत. यमू पाण्याला गेली होती. हाक आली तेव्हा देवराम उठला. उठला होता तो. त्याची एक चप्पल पायात गेलेली होती. मी त्याचा सदरा धरला आणि म्हटलं, “थांब, तिसरी येऊ दे.” निम्मी चेष्टा होती, निम्मी नव्हती. दुसरी हाक आली. मी सदरा सोडला नाही. मग काही आलं नाही आणि मी हसून म्हटलं, “बघ, वाचलास.”

बाकीचं मी लिहीत नाही, ते कादंबरीत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, त्याची आई सूर्यमाळहून पोचायच्या आत, मी जव्हारची गाडी पकडली. पुढे आम्ही त्या संध्याकाळबद्दल कधी बोललो नाही. कादंबरी वाचताना ते वाक्य ‘मी म्हणालो’ असं आलं तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवरून खाली पडलं. पण मी मनाची समजूत घातली, लेखकाला एक निवेदक लागतो, दोष एकाच्याच पदरात घातला की गोष्ट बांधीव होते. मी नाटकं लिहिली आहेत, मला हे कळतं... असलं काहीतरी.

त्याचे दिवस झाल्यावर मी पोशेऱ्याला गेलो. त्याच्या आईला सांगावं असं ठरवून गेलो होतो असं नाही. भेटून यावं, एवढंच. ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. खूप थकली आहे, पण सूप अजून तालात चालतं. मला ओळखलं. “तिरमक ना तू? बस.” त्र्यंबक हे नाव त्या बाजूला असंच म्हणतात. मी बसलो. ती पाखडता पाखडताच, माझ्याकडे न बघता बोलू लागली.

“यमीच्या वखताला मी सूर्यमाळवरनं आले, तवा हा दारातच उभा. मना बोलला, आये, हाक आली होती. मीच बोललो, तिसरी येऊं दे. मी त्याला मारलं नाय. घरातून काढलं नाय. पन त्या दिसापासून मी त्याला हाक नाय मारली.”

मला नीट कळलं नाही. मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हंजे नाव नाय घेतलं. देवा, म्हणून नाय बोलावलं कधी. जेवाया वाढलंय, असं भिंतीकडं बघून सांगायची. तो यायचा, जेवायचा, पैसं ठेवायचा, जायचा. एवढा मास्तर झाला, पुस्तक लिवलं, तरी नाय. माझ्या तोंडातून नावच येईना. आन आता गेला, तर रोज येतंय.”

त्यानं पुस्तकात ते स्वतःवर घेतलं हे मला माहीत होतं. पण पुस्तकाच्या इतकी वर्षं आधी, दारात उभं राहून, आईसमोर... आणि मग दर दुसऱ्या रविवारी तो इथं येत होता, भिंतीला सांगितलेलं जेवण जेवायला. सोमवारी बाजारात मला बघून ओरडत होता, काय नाटकवाले!

मी म्हटलं, “आई, ते वाक्य त्याचं नव्हतं. तो उठला होता. मी त्याला धरलं. मी म्हटलं होतं, तिसरी येऊ दे.”

सूप थांबलं.

“तू बोललास?”

“हो.”

“आन तो मना बोलला, मी.”

“हो.”

“कसाला?” तिनं विचारलं. मला विचारलं नव्हतं. ओट्याखालच्या मातीकडे बघत ती उत्तर शोधत होती, आणि तिला ते सापडलंही. “तू पावना होतास. घरी आलेल्या पावन्यावर कसं घालील?”

एवढंच! मी इतकी वर्षं त्याच्या मोठेपणाला, त्याच्या लेखकपणाला भीत होतो. त्यानं मात्र घरची रीत पाळली होती. मी सांगितलेल्या रीतीनं त्याची बहीण गेली, त्याच्या रीतीनं त्याची आई त्याला पारखी झाली. मला रडू आलं नाही. तोंडाला कोरड पडली होती आणि तिच्या घरचं पाणी मागायची हिंमत होत नव्हती.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली ती ‘दोन हाका’ची प्रत घेऊन. त्यानं दिलेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तिला वाचता येत नाही.

“यात पन तो तसंच बोललाय?”

“हो.”

“दाव कुठं.”

मी पान काढलं. तिनं बोट टेकवलं. “यात माझा देवा कोनचा?” मी तिचं बोट ‘मी’ या अक्षरावर नेऊन ठेवलं. एवढंसं अक्षर. ते तिनं खूप वेळ बघितलं. मग माझ्या खिशातल्या पेनाकडे हात केला.

“खोड. तुझं नाव लिव.”

पुस्तकात खाडाखोड करायची माझी आयुष्यात सवय नाही. मी ‘मी’ खोडला. ‘म्हणालो’चं ‘म्हणाला’ करायला फक्त वरची एक मात्रा खोडावी लागली. पण ‘मी’ एवढ्या जागेत ‘त्र्यंबक’ मावेना. मी पेन धरून तसाच बसलो.

“काय झालं?”

“जागा नाही.”

“बाजूला कोरं हाय की सगळं. तिथं लिव. मोठं लिव.”

मी समासात लिहिलं. तिनं पुस्तक परत घेतलं नाही. सूप मांडीवर ओढलं, पण पाखडायला लागली नाही.

“आता वाच,” ती म्हणाली.

“‘थांब, तिसरी येऊ दे,’ त्र्यंबक म्हणाला.”

“अजून वाच. मोठ्यानं. शेजारी ऐकूं दे.”