पावणं, जीप कुणीकडं निघाली?

हसायचंच असेल तर चहा निवायच्या आत हसून घ्या. एवढा घोळ घातलेला माणूस असा मांडी घालून समोर बसलेला पुन्हा मिळायचा नाही. फक्त एक आधीच सांगतो. त्या दिवशी जीपमध्ये मी जे बोललो, त्यातला एक शब्दही मी आजही मागं घेत नाही.

गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. माझं सगळं शिक्षण दिल्लीत, मामांकडं. तिथून गडमुडशिंगीला, कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी, परतलो तो समाज बदलायचा असं ठरवूनच. सुरुवात घरापासून करायची होती, आणि घरात नेमकं धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न निघालं होतं. एवढी सोय कुणाला मिळते?

सुमन शिक्षिका, मुलगा तिच्याच शाळेत शिक्षक. तिला मनापासून आवडलेला. त्याचे आईवडील पन्हाळ्याहून येणार होते. आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "जीप घिऊन जा, स्टँडवरनं पावण्यांस्नी घिऊन ये. नाव इचारून मगच गाडीत बशीव."

सुमन दारापर्यंत आली. "दादा, एवढं एकच कर. तोंड उघडू नगंस. तू हुशार हाईस, पर शहाणा न्हाईस."

"दोन्हीत फरक काय?"

"तोंड उघडलंस की कळंल."

पांढरी टोपी घातलेले गृहस्थ आणि शेजारी नऊवारीतल्या बाई. असं जोडपं कोल्हापूरच्या स्टँडवर शोधावं लागत नाही, चुकवावं लागतं. मी मनात भाषण जुळवत उभा होतो. तेवढ्यात एक टोपीवाले पुढं आले.

"काय पावणं, जीप कुणीकडं निघाली?"

आता कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात, हे तुम्हाला माहीत. मला दिल्लीत कोण सांगणार? मला वाटलं, हे नातं जोडूनच बोलतायत.

"मुडशिंगीला. तुमच्यासाठीच आणलीय."

ते बायकोकडं वळले. "बघ की, गाडी धाडलीया त्यांनी." मग मला म्हणाले, "लग्नाचंच बघाय निघालोय आमी."

आणखी काय पुरावा हवा? नाव विचारायचं राहिलंच. भाषण तर ओठावर आलेलं.

"हे बघा," जीप हलताच मी म्हणालो, "हुंडा आमच्या घरात चालत नाही. देणं आणि घेणं, दोन्ही बंद."

टोपीवाले माझ्याकडं बघतच राहिले. "एक रुपायाबी न्हाई?"

"एकही नाही. लग्न रजिस्टर. आणि मुलीला पाटावर बसवून दाखवायचं नाही. ती काय बाजारातली म्हैस आहे? लग्नानंतरही ती नोकरी करणार."

"करू दे की," मागून बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

सांगा, मला काय वाटलं असेल? क्रांती एवढी सोपी असते, हे दिल्लीत कुणी बोललं नव्हतं.

घरी आईनं पाणी दिलं. पोहे मीच आणले, मुद्दाम. टोपीवाल्यांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि मांडीवर थाप मारली. "ठरलं. आमाला पोरगा पसंत हाय."

आबा गोंधळले. "पोरगा? पोरगा तर तुमचा."

"आमाला पोरगीच हाय की ओ. ह्यो काय पोरगा," म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पलीकडच्या गल्लीत ते आपल्या लेकीसाठी स्थळ बघायला निघाले होते. गाडी त्या मुलाकडच्यांनीच धाडली, असं टोपीवाल्यांना वाटलेलं. आणि मी म्हणजे नवरदेव.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. खरे पावणे उतरले, घामानं भिजलेले. मुलाचे वडील उंबऱ्यातूनच म्हणाले, "स्टँडवर कुत्रंबी आलं न्हाई आमाला न्यायला."

सुमनचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडलं. तिनं नुसतं बघितलं, मी मिटलं. मग तीच पाणी घेऊन होणाऱ्या सासऱ्यांपुढं गेली. "मामा, कुत्रं आलतं. दुसऱ्यांस्नी घिऊन गेलं. ते बघा, उभं हाय."

मुलाच्या आईला हसू आवरेना. मग वडीलही हसले. सुमनचं लग्न तिथंच ठरलं.

"पण ह्यांच्याशी हुंड्याचं कोण बोललं?" मी रागानं विचारलं.

"मी," सुमन म्हणाली. "महिन्यामागं. हुंडा मागणार असाल तर येऊ नका म्हणून सांगितलं. ते आले, ह्यातच आलं न्हवं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? बोलतच हुतास."

टोपीवाले मात्र जागचे हलले नव्हते. "पलीकडची माणसं स्कूटर मागत्यात. आमी न्हाई जात. देणंघेणं बंद म्हणालासा, शब्द हाय का न्हाई?"

नाही म्हणायची वाट मी माझ्याच भाषणानं बुजवली होती. निदान भेटायला तरी हवं होतं. मुलीला दाखवायचं नाही, हे माझंच म्हणणं. म्हणून त्यांच्या घरी पाटावर मला बसवलं. मुलगी समोर खुर्चीत.

"शिक्षण किती झालंय?" तिनंच विचारलं.

मी सगळं सांगितलं, पदव्या, बक्षिसं, दिल्ली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग स्टँडवर नाव इचारायला काय झालतं?"

मी मान खाली घालून गप्प बसलो.

ती वडिलांकडं वळली. "असाच बसणार असंल, तर पसंत हाय."