चौदाशेची वही

सत्याच्या शोधात आयुष्य घालवणारी माणसं फार थोडी असतात. माझी आत्या त्यांतली एक होती. तिचा शोध बहुतेक वेळा आतोबांच्या शर्टापाशी येऊन थांबायचा. ते बाहेरून आले की ती कॉलर हुंगायची आणि निकाल द्यायची, "भजी."

दोघं भाईंदर पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. आतोबांचे गुडघे गेले होते. आठ किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला चौदाशे कॅलरींची मर्यादा घालून दिली. तीन मजले उतरायला आतोबांना वीस मिनिटं लागत. "अजून वर्षभराने हा माणूस खिडकीतूनच जग बघेल रे," आत्या मला म्हणाली. ती घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने एक वही आणि वजनकाटा आणला.

दर रविवारी ती आठवड्याचा स्वयंपाक वहीत आखायची. फुलका सत्तर, तेलाचा चमचा पंचेचाळीस. विश्वास कशावरच नव्हता. एकाच कणकेचे फुलकेही ती वेगवेगळे तोलायची. बाईंचा तक्ता तिने दुसऱ्या तक्त्याशी ताडून पाहिला, कारण "बाई स्वतः चांगल्या गुटगुटीत आहेत." उत्तनहून मासे घेऊन दारावर येणाऱ्या मावशींना तिने विचारलं, बोंबलात कॅलरी किती? "ताजा हाय बाय, तसला काय घालीत न्हाय मी," मावशी दुखावून म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," आत्या म्हणाली.

दोन महिने झाले, आतोबांचं वजन ढिम्म. मग आत्याने मला त्यांच्या पाळतीवर ठेवलं. संध्याकाळी काठी टेकत ते फरसाणच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसले. तासभर काहीही खाल्लं नाही. मी दिसलो तसे म्हणाले, "ये, बस. मी नुसता बघतो. बघण्याच्या किती धरल्यात तिने?"

मी घरी येऊन तसं सांगितलं.

"तुला किती भजी चारली त्यांनी?" आत्याने विचारलं. मग सुस्कारा सोडून वही उघडली. "आता मंगळवारही धरावा लागणार."

मी वहीत डोकावलो. सोमवार, गुरुवार, शनिवार: 'उपवास', आणि पुढे शून्य. वजन हटत नाही म्हटल्यावर तिने एकेक उपवास वाढवत नेला होता.

"आत्या, आणि साबुदाण्याची खिचडी?"

"अरे, उपवास असतो तो. उपवासाला माणूस काही खात नाही."

"दाण्याचं कूट? रताळ्याचा कीस? तूप?"

"देवाच्या नावाने केलेलं मोजायचं? हेच शिकवलं का कॉलेजात?"

शनिवारच होता. मी खिचडीची वाटी काट्यावर ठेवली आणि बेरीज मांडून दाखवली. आत्याने बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. काट्यावर माझं बोट तर नाही ना, हेही तिने पाहून घेतलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

"गुरुवार मीच सुचवला होता ना," आतून आवाज आला.

त्या संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला, क्षमा मागितली आणि आतोबांचे सगळे उपवास बंद केले. पाच महिन्यांत आठ किलो उतरले. डॉक्टर त्यांचं वजन घेणार, तेवढ्यात आत्या स्वतः काट्यावर चढली आणि तो बरोबर असल्याची खात्री करून खाली उतरली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं.

आत्याला जाऊन आता वर्ष झालं. आतोबा रोज तीन मजले उतरून बाकावर जातात. वही बंद पडू दिलेली नाही. रविवारी तिच्यासारखाच आठवडा आखतात. गेल्या सोमवारी मी गेलो, तेव्हा खिचडीची वाटी काट्यावर होती.

"तिच्या नावाने उपवास धरलाय," ते म्हणाले.

वहीत खिचडीचं वजन ग्रॅमपर्यंत नीट लिहिलेलं होतं. कॅलरीच्या रकान्यात शून्य होतं.