साडेसहाशे अकोल्यांची वीज

जगातल्या झाडून साऱ्या गरम वस्तूंची जबाबदारी आपल्यावर आहे, असं समजून जगलेला एकच माणूस मी पाहिला. ते माझे थोरले साडू. अकोल्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते डिग्री सांगत, आणि हे ज्ञान लोखंडापुरतं ठेवणं त्यांना अन्यायाचं वाटे. मापही स्वतःचंच. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस डिग्री, म्हणून पंचेचाळीस डिग्री म्हणजे एक अकोला. कपातला चहा दीड अकोला, सूर्याचा पृष्ठभाग सव्वाशे अकोले. मी अमरावतीचा. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी भरल्या पंगतीत सांगितलं, "तुमचं अमरावती पाऊण अकोला, साडभाऊ." हा अपमान की सांत्वन, हे मला कळलं नाही. एकदा त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, ताप भरला. थर्मामीटर पाहून हे म्हणाले, "एक अकोलाबी नाही. ऊठ!" अक्का पांघरुणातूनच म्हणाल्या, "मंग भाकरी तुमीच टाका. तवा साडेचार अकोले हाय, हात लावून पाहा."

उल्का हा त्यांचा आवडता विषय. ती घासून पेटते असं कुणी म्हटलं, की ते हातातलं काम ठेवत. "घासून नाही बापू, दाबून! सकाळच्या अकोटच्या एसटीत दारातली माणसं कशी दबतात? तशी तिच्यापुढची हवा दबते, पळायले जागा नाही, म्हून तापते. कातडीले चाळीस अकोले, अन् पोटात दगड थंडा!" गिऱ्हाईक आपली तुटलेली जाळी घेऊन थक्क उभं असे. पण खरा मान विजेचा. अंगठ्याएवढी जाड रेघ, पापणी लवायच्या आत संपणारी, आणि आजूबाजूची हवा तीस हजार डिग्री. "साडेसहाशे अकोले! सूर्याहून पाचपट!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे, की वीज त्यांच्याच दुकानात जोडून वर पाठवली असावी.

परतीच्या पावसाचे दिवस होते. बाळापूरजवळ त्यांच्या धाकट्या भावाच्या शेतात कापलेल्या सोयाबीनची गंजी लागली होती, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. दुपारी आभाळ भरलं. भाऊ गंजीवर ताडपत्री ओढायला धावला. पांढरं काही झालं, आवाज झाला, आणि शेताच्या कडेला धुऱ्यावरचं कडूलिंबाचं झाड उभं चिरलं. झाडापासून दहा पावलांवर भाऊ पडला होता. छाती हलत नव्हती.

मला आजही सांगताना लाज वाटते, कुणीच पुढे झालं नाही. गंजीच्या कामाला आलेला भावाचा जावई अर्ध्या वाटेत थांबला. मी तर थांबण्यातच हयात घालवलेला माणूस. मी साडूंकडे पाहिलं. ते तापल्या लोखंडाकडे पाहावं तसे भावाकडे पाहत होते, जणू त्याचा रंग शोधत होते.

शेजारच्या शेतातले चाचा, साडूंच्या गप्पांचे जुने श्रोते, पळत आले. जावई ओरडला, "चाचा, हात लावू नका! अंगात वीज हाय!"

"अरे हटो!" चाचांनी त्याला बाजूला सारलं आणि ते दोन्ही तळव्यांनी भावाची छाती दाबू लागले. कापसाच्या जिनिंगमध्ये शॉक लागलेल्या माणसाला असंच करताना त्यांनी पाहिलं होतं. किती वेळ गेला, ठाऊक नाही. भाऊ खोकला.

साडू जावयावर कडाडले, "तू उभा काहून राहिला रे?"

जावई रडतच म्हणाला, "मामाजी, तुमीच तं सांगत होते ना... सूर्याहून पाचपट!"

भाऊ वाचला, डावा कान मात्र गेला. दवाखान्याच्या पायरीवर साडूंनी चाचांना विचारलं, "तुमाले भेव नाही वाटलं?" चाचा थकून हसले. "भाई, तुमी इतके साल सांगून राहिले, पन मी कधी ऐकलंच नाही. तुमी सुरू झाले का मले नींद येते."

परतताना मोटारसायकलवर साडू एकदाच बोलले. "साडभाऊ, भावाले उचललं तवा त्याचा हात थंडा व्हता. आपल्यासारखाच." त्यानंतर अकोल्यांची मोजणी बंद झाली. दुकानात येईल त्याला ते एवढंच सांगत, "वीज पडली त्याले पयले हात लावा. त्याच्यात वीज काही राहत नाही." गिऱ्हाइकं म्हणत, काका आता म्हातारे झाले.

या आषाढात ते गेले. शेवटचे चार दिवस अमरावतीच्या दवाखान्यात होते. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचो, हातात न उघडलेलं पुस्तक घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. "दुरून काय पाहून राहिले, साडभाऊ? या इकडे."

मी पुस्तक खिडकीत ठेवलं आणि त्यांचा हात धरला. तो किती गरम होता, हे मला सांगता येणार नाही. नर्स वेळ संपली म्हणाली, तरी मी तो सोडला नव्हता.