यादीत नसलेलं पोर

सेंत-उल्फ्रीद हे गाव बंद करायचं ठरलं तेव्हा रोझिल्दानेही 'हो' म्हणून सही केली. कॅनडातल्या क्युबेकच्या त्या जंगली डोंगरांत सरकारनेच एके काळी माणसं नेऊन बसवली होती, आणि आता तेच सरकार म्हणत होतं, खाली या, तुमचा रस्ता आम्हाला परवडत नाही. सभेत साहेबाने छातीठोक सांगितलं, "तुमच्या मेलेल्यांनाही आम्ही खाली नेऊ." त्या एका वाक्यावर सगळं गाव फसलं.

रोझिल्दा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. नवरा हिवाळाभर लाकूडतोडीच्या छावणीत असायचा. इकडे हिने शेतातले दगड वेचले, आठ पोरं वाढवली आणि पुढे नवऱ्यालाही इथेच माती दिली. पण त्या आठांच्या आधीचं एक मूल मेलेलंच जन्मलं होतं. बाप्तिस्मा न झालेल्याला पवित्र जमिनीत जागा नाही, असा तेव्हाचा चर्चचा कायदा. सासऱ्याने ते साबणाच्या खोक्यात घालून स्मशानाच्या कुंपणाबाहेर पुरलं. ओल्या बाळंतिणीला कोण नेतंय तिथे! आणि नंतर विचारायची सोय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी चर्चच्या दारावर खाली न्यायच्या मेलेल्यांची यादी लागली. नवरा होता, सासरा होता. नोंदवहीत नाही तो यादीत नाही. रोझिल्दा तडक फादरकडे गेली.

"बाई, ते लेकरू देवापाशीच आहे," फादर म्हणाले.

"मग तेव्हा का नव्हतं, फादर?"



सकाळी तिने फावडं घेतलं आणि कुंपणाबाहेर खणायला लागली. थोड्या वेळाने चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा ओझियास काठी टेकत आला.

"खुळी झालीस का पोरी? ट्रक येऊन उभा आहे."

"कुठे पुरलंय ते सांग, ओझियासकाका. तुला माहीत असणार."

"कुठलं म्हणून सांगू? तुझं एकटीचं आहे का? माझीच दोन आहेत इथे. चाळीसेक तरी असतील." त्याने पायाने माती उकरली. "आणि ही झाडांखालची आंबट माती. हाडंसुद्धा ठेवत नाही मेली."

तरी ती खणत राहिली. मुळं निघाली, दगड निघाले. इतकी वर्षं आपण तोंड शिवून बसलो, म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. सासरा असता तर त्याची गचांडी धरून विचारलं असतं.

"आई, चल आता!" ट्रकपाशी उभ्या थोरल्या लेकाने, लियोनेलने, हाक दिली. "घरं जाळायला सरकारची माणसं आलीत!"

रोझिल्दाने फावडं टाकलं. निदान सांगून तरी जावं, की आम्ही निघालो, रागावू नकोस. ती खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि आठ पोरांना रोज जेवायला हाका मारत आली होती तशीच हाक मारायला तिने तोंड उघडलं.

त्याला नावच नव्हतं.