ताठ माप

आमच्या उधन्यातली शिलाईवाली मावशी पोक काढलेल्या पोरीचं माप घ्यायचीच नाही. "वाकडं माप मी लिहीत नसते," म्हणायची आणि टेप गळ्यात टाकून खुशाल चहा पीत बसायची. आठवी ते दहावी मी तिला बराच चहा प्यायला लावला.

वर्गात सगळ्यांत उंच मी, मुलांपेक्षासुद्धा. म्हणून जगाची सोय बघून चार इंच खाली राहायचे. बोलायचे ते स्वतःच्या चपलांशी, आणि ओढणीचं टोक कायम तोंडात. "भूक लागली का वं? भाकर देऊ?" मावशी विचारायची. पाहुण्यांसमोर कसं वागावं, तेही तिनंच शिकवलं. "चहाचा ट्रे पुढे कर, सोबत स्वतःला ओतू नको. नाव विचारलं तर आईकडे काय बघतेस? नाव तुझं आहे ना?"

दहावीच्या निरोप समारंभात आभार मानायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. त्या दिवशी ताप आणायचं मी नक्की केलं होतं. पण मावशीनं नवा ड्रेस शिवला, ताठ मापाचा. जरा वाकलं की पाठ ओढली जाई आणि बंद गळा घशाला लागे. तक्रार घेऊन गेले.

"मावशी, गळा सैल कर ना."

"गळा बरोबर आहे. मान चुकतेय."

स्टेजवर सवयीनं वाकले आणि गळ्यानं पकडलं. "प्रमुख पाहु..." एवढ्यावर आवाज बंद. सरळ झाले, तर असा निघाला की बाईंनी माइक लांब सरकवला. मी पाहुण्यांचे दोनदा आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, घाईत स्वतःचेही मानले. सगळे हसले. मीही हसले. मान खाली घालायची फार इच्छा होती, पण ड्रेसमध्ये तशी सोयच नव्हती.

"आवाज होता ना?" मावशी नंतर म्हणाली. "मग इतके दिवस ठेवला कुठं होतास?"

मागच्या वर्षी मावशी गेली. मी आता सोफ्यावर लोळत मुलीला ताठ बसायला सांगते.

परवा भाच्याच्या लग्नासाठी नव्या दुकानात ब्लाउज शिवला. टेलरनं पोकासकट माप घेतलं होतं, त्यामुळे वाकून बसले तरी कुठंच ओढत नव्हतं. "मम्मी, काय मस्त फिटिंग!" मुलगी म्हणाली. आरशासमोर सरळ उभी राहिले, तर पाठीवर कापडाची हीऽ मोठी घडी.

तशीच दुकानात गेले. ताठ उभी राहिले. "पुन्हा माप घ्या."

"पण मासी, पछी गळामां खेंचाशे," वाकले की गळ्यात ओढेल म्हणून गुजराती टेलर काळजीनं म्हणाला.

"खेंचू दे," मी म्हटलं.